ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (१९ एप्रिल १८९२ – ३१ ऑगस्ट १९७३) या भारतातील पूर्वप्राथमिक शिक्षणाचा पाया घालणाऱ्या शिक्षणतज्ज्ञ होत्या. गिजुभाई बधेका यांच्या सहकार्याने त्यांनी माँटेसरी पद्धतीला भारतीय रूप दिले. पुढे आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी आणि कोसबाड येथे त्यांनी हे शिक्षण दलित व आदिवासी मुलांपर्यंत नेले. अंगणवाडी, कुरणशाळा आणि विकासवाडी हे त्यांचे प्रयोग विशेष प्रसिद्ध आहेत. मूल शाळेत येत नसेल तर त्याला दोष न देता शाळेनेच आपली जागा, वेळ आणि रीत बदलावी, हे त्यांच्या कार्याचे मुख्य सूत्र होते. भारत सरकारने १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले.

पूर्वायुष्य

ताराबाईंचा जन्म मुंबईत झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. स्त्रीशिक्षणाला अनुकूल असलेल्या या सुधारकी घरात त्या वाढल्या. मुलींनी महाविद्यालयात जाणे ही दुर्मीळ गोष्ट असण्याच्या त्या काळात, १९१४ मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठाची पदवी मिळविली.

अमरावती येथील वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा विवाह टिकला नाही. १९२१ मध्ये पतिपत्नी विभक्त झाले आणि कन्या प्रभा हिची जबाबदारी ताराबाईंनी घेतली. त्यानंतर राजकोट येथील बार्टन महिला अध्यापक महाविद्यालयाच्या प्राचार्या म्हणून त्यांनी काम केले. प्रतिष्ठेचे आणि स्थिर उत्पन्नाचे हे पद त्यांनी फार काळ सांभाळले नाही.

भावनगर

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. वकिली सोडून शिक्षणक्षेत्रात आलेल्या गिजुभाईंच्या या प्रयोगाकडे ताराबाई आकृष्ट झाल्या आणि १९२३ मध्ये राजकोट सोडून तेथे दाखल झाल्या. छडी, घोकंपट्टी आणि धाक यांवर शाळा चालण्याच्या त्या काळात भावनगरच्या बालमंदिरात मुलांना हवे ते साधन निवडण्याची मोकळीक होती. शिक्षेप्रमाणेच बक्षिसालाही तेथे स्थान नव्हते. शिक्षेने मूल भिते आणि बक्षिसाने लोभावते. दोन्हीमुळे कामातील त्याचा स्वतःचा आनंद हरपतो, अशी त्यामागची भूमिका होती.

१९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. बालशिक्षणाच्या प्रसारासाठी ‘शिक्षणपत्रिका’ हे गुजराती मासिक चालविले जात असे. १९३३ पासून ताराबाईंनी त्याची मराठी आवृत्ती काढली. शिक्षकांबरोबरच पालकांनाही बालमानस समजावून देणे हा या लेखनाचा हेतू होता. मुलाचा हट्ट, भीती, खोटे बोलणे यांकडे शिस्तभंग म्हणून न पाहता त्यामागचे कारण शोधावे, असा आग्रह त्यांनी मराठी घरांत पोहोचविला.

दादर येथील शिशुविहार

१९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केला. त्याला जोडून बालशिक्षकांच्या प्रशिक्षणाचीही सोय करण्यात आली. १९३९ मध्ये गिजुभाईंचे निधन झाले आणि संघाच्या कामाचा मोठा भार ताराबाईंवर आला.

शिशुविहार नावारूपाला आला, परंतु त्याचा लाभ प्रामुख्याने शहरी मध्यमवर्गीय मुलांना होत होता. वास्तविक मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह १९०७ मध्ये रोममधील गरीब कामगारवस्तीत निघाले होते. भारतात मात्र महागडी साधने आणि शुल्क यांमुळे ही पद्धत सुस्थितीतील कुटुंबांपुरती राहण्याचा धोका निर्माण झाला होता. १९४५ च्या सुमारास महात्मा गांधींनी नयी तालीमची कल्पना विस्तारून तीत पूर्वबुनियादी शिक्षणाचाही समावेश केला. अल्प खर्चात खेड्यातील मुलांना हे शिक्षण कसे देता येईल, हा प्रश्न ताराबाईंनी आपला मानला. वयाची त्रेपन्न वर्षे उलटल्यावर त्यांनी शहरातील स्थिरावलेले काम मागे ठेवून खेडे गाठले.

बोर्डी : अंगणवाडीचा जन्म

१९४५ च्या अखेरीस तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी बोरिवली येथे कस्तुरबा स्मारक निधीच्या वतीने झालेल्या शिबिरात अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांची ताराबाईंशी भेट झाली होती. बालविधवा असूनही जिद्दीने शिकलेल्या आणि पुण्यात शिक्षिका असलेल्या अनुताई नोकरी सोडून बोर्डीला आल्या. पुढील जवळजवळ तीन दशके त्या ताराबाईंच्या निकटच्या सहकारी होत्या.

गावात बालवाडी उघडली, तरी दलित आणि आदिवासी वस्त्यांमधील मुले तिकडे येईनात. दार सर्वांना खुले होते. मात्र आईबाप पहाटेच कामाला जात, मुलांना न्हाऊमाखू घालून वेळेवर पोहोचविणारे घरात कोणी नसे, आणि अस्पृश्यतेच्या अनुभवामुळे गावातील इमारतीत पाऊल टाकण्याचा संकोचही होता. तेव्हा बालवाडीच वस्तीत नेण्याचे ताराबाईंनी ठरविले. शिक्षिका साहित्य घेऊन वस्तीत जात. एखाद्या घराचे अंगण झाडून घेतले जाई, मुलांचे हातपाय धुणे, केस विंचरणे, नखे कापणे येथून दिवस सुरू होई आणि मग गाणी, गोष्टी, खेळ होत. अंगणात भरणारी म्हणून ती अंगणवाडी. आई, आजी दारातूनच हे पाहत असल्याने त्यांचेही शिक्षण घडे.

साधनांचा प्रश्नही तेथेच सुटला. रंगीत ठोकळे आणि मणी यांच्या जागी शिंपले, खडे, बिया, पाने, काड्या आल्या. मोजणे, वर्गवारी करणे, लहानमोठे ओळखणे ही माँटेसरी पद्धतीची तत्त्वे कायम राहिली. वस्तू मात्र मुलाच्या परिचयाच्या आणि विनामूल्य झाल्या.

कोसबाड : कुरणशाळा आणि विकासवाडी

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर हलविण्यात आले. हा परिसर प्रामुख्याने वारली आदिवासींचा होता. जमीनदार व सावकार यांच्या वेठबिगारीविरुद्ध १९४५ मध्ये वारल्यांनी गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली याच भागात लढा दिला होता. पिढ्यान्‌पिढ्या पिळवणूक सोसलेल्या या समाजाला बाहेरून आलेल्या शिक्षकांवर आणि शाळेवर विश्वास ठेवणे सोपे नव्हते.

येथे अडचण वेगळी होती. थोडे मोठे झालेले मूल गुरे राखायला जाई, मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळी. त्यांच्या कामावर घरची चूल अवलंबून असल्याने केवळ उपदेशाने ती शाळेत येणार नव्हती. गुराख्यांसाठी ताराबाई आणि अनुताईंनी कुरणशाळा सुरू केली. गुरे चरत असत आणि शिक्षक तेथेच मुलांना जमवून शिकवीत. झाडे, पक्षी, ओढे, दगड हेच पाठाचे विषय होत. दिवसा मोकळीक नसणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग घेतले जात.

भावंडे सांभाळणाऱ्या मुलींच्या अडचणीवर विकासवाडी हे उत्तर होते. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्यामुळे कडेवरचे मूल पाळणाघरात ठेवून थोरल्या बहिणीला वर्गात बसता येऊ लागले. बालवाडीतून आलेले मूल परिचित वातावरणातच पहिलीत जात असल्याने शाळा सोडून देण्याचे एक मोठे कारणही दूर झाले.

शैक्षणिक विचार

ताराबाईंच्या दृष्टीने बालकाचे स्वातंत्र्य ही केवळ वर्गातील मोकळीक नव्हती. ज्या मुलाला वर्गापर्यंत पोहोचताच येत नाही, त्याच्यासाठी उत्तम पद्धतही निरर्थक ठरते. म्हणून भावनगरमध्ये त्यांनी मुलाचा कल पाहिला, तर बोर्डी–कोसबाडमध्ये कल घडविणारी त्याची परिस्थितीही पाहिली. भूक, अस्वच्छता, आजार आणि बालश्रम हे विषय शिक्षकाच्या कामाबाहेरचे आहेत, असे त्यांनी मानले नाही.

अशा शाळेत शिक्षकाकडून अधिक अपेक्षा असतात. ठरीव पाठ्यक्रम आणि घंटा यांचा आधार तेथे नसतो. वस्ती, बोली आणि ऋतू यांप्रमाणे काम बदलावे लागते. त्यामुळे आपल्या प्रत्येक टप्प्यावर ताराबाईंनी शिक्षकांच्या प्रशिक्षणाला बालवाडीइतकेच महत्त्व दिले. समर्पित आणि प्रशिक्षित शिक्षकांवर असलेले हे अवलंबित्व हे या प्रयोगांचे बळ होते, तसेच त्यांच्या विस्तारावरील मर्यादाही होती.

निधन आणि प्रभाव

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले. त्यानंतर कोसबाडचे काम अनुताई वाघ यांनी पुढे चालविले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांसाठी अंगणवाडी हे नाव देशभर रूढ झाले. पूरक आहार, लसीकरण आणि आरोग्य तपासणी हे या योजनेचे महत्त्वाचे भाग आहेत. त्यांच्या तुलनेत पूर्वप्राथमिक शिक्षणाकडे कमी लक्ष दिले जाते, अशी टीका शिक्षणक्षेत्रातून होत आली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वर्षे वयोगटाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. तीन ते सहा वर्षांची मुले त्या हक्काबाहेर राहिली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मात्र तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून अंगणवाडीला औपचारिक शिक्षणरचनेत स्थान दिले. वस्तीतील मुलाच्या अंगणात ताराबाईंनी सुरू केलेले शिक्षण अशा रीतीने सुमारे पंचाहत्तर वर्षांनी राष्ट्रीय शिक्षणाच्या आराखड्याची पहिली पायरी झाले.