पोस्टाने आलेली मावशी

आपण कोण आहोत, हे माणसाला एकट्याने बसून कळत नाही, असे माझे जुने मत आहे. कादंबरी लिहिताना तर त्याचा पडताळा रोज येतो. एखादे पात्र खोलीत एकटे बसवून त्याला हवा तेवढा विचार करायला लावला, तरी ते काही केल्या उभे राहत नाही. मग कोणीतरी दार वाजवते, आत येऊन काहीबाही विचारते, आणि उत्तर देता देता ते पात्र स्वतःलाच उमगू लागते. खऱ्या आयुष्यातले याचे उदाहरण शोधायला मला फार लांब जावे लागले नाही. ते आमच्या कल्याणातच सापडले. डॉ. आनंदीबाई जोशी.

आनंदीबाईंचा समुद्रप्रवास, डॉक्टरकी आणि अकाली मृत्यू आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून ठाऊक असतो. हट्टाने त्यांना शिकवणारे गोपाळरावही ठाऊक असतात. श्री. ज. जोशी यांच्या १९६८ च्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीने तर हे जोडपे घराघरांत पोचवले. पण या दोघांच्या कहाणीत एक तिसरे माणूस आहे. ते नसते तर आनंदीबाई स्वतःला कितपत सापडल्या असत्या, याची मला शंका वाटते.

आनंदीबाई ३१ मार्च १८६५ च्या. कल्याणच्या जोशी घराण्यातली ही यमुना. नवव्या वर्षी तिचे लग्न पोस्टातले कारकून गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. ते बिजवर, वयाने कितीतरी मोठे, आणि बायकोला शिकवायचेच या एका ध्यासाने पछाडलेले. आनंदी हे सासरचे नाव. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर औषधपाणी मिळाले असते तर तो वाचता, ही टोचणी तिला लागून राहिली. डॉक्टर होण्याच्या इच्छेचे मूळ तिथेच.

गोपाळरावांची नोकरी बदल्यांची. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता. बँकेच्या नोकरीत मीही गावोगाव बिऱ्हाड हलवले आहे, म्हणून सांगतो. नवऱ्याला नव्या गावात निदान ऑफिस असते, चहाला चार माणसे मिळतात. बायकोला मात्र शेजार नव्याने जोडावा लागतो, आणि तो जुळतो न जुळतो तोच सामान बांधायची वेळ येते. आनंदीबाईंची गोष्ट तर याहून अवघड. पुस्तक हातात धरणाऱ्या बाईशी त्या काळी मैत्री कोण करणार? तिच्या वाट्याला बहुतेक टोमणेच आले. सांगण्या-बोलण्याला उरला फक्त नवरा. तोच मास्तर, आणि मारकुटा मास्तर. त्याच्या लेखी ती त्याने घडवलेली विद्यार्थिनी होती. स्वतःकडे पाहायला तिच्यापाशी दुसरी नजरच नव्हती.

ती नजर पोस्टाने आली. १८७८ मध्ये गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली होती. मदतीला धर्मांतराची अट पडली आणि तो विषय तिथेच मिटला. पण हा पत्रव्यवहार वाइल्डरसाहेबांच्या नियतकालिकात छापून आला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर यांनी तो १८८० मध्ये दाताच्या डॉक्टरकडे नंबरची वाट पाहत असताना सहज वाचला, आणि परक्या देशातल्या त्या अनोळखी मुलीला पत्र टाकले. आनंदीबाई तेव्हा पंधरा वर्षांच्या.

आगबोटीने पत्रे जा-ये करू लागली. मायना पुढे मावशीचा झाला. कार्पेंटरबाईंना सगळेच जाणून घ्यायचे होते: हिंदू घर कसे असते, बायका कशा राहतात, मुलींची लग्ने इतक्या लवकर का होतात. जे आपल्या अंगवळणी पडलेले असते, ते परक्याला समजावून सांगताना प्रथमच नीट पाहावे लागते. यातले मला खरेच पटते ते कोणते आणि केवळ चालत आले म्हणून मी करते ते कोणते, हे निवडावे लागते. आनंदीबाईंची ही निवड त्या पत्रांतून झाली, असे मला वाटते. मावशी पक्की ख्रिस्ती, भाची पक्की हिंदू. पण मैत्रीसाठी तिथे धर्माची अट नव्हती. कलकत्त्यात भाचीची डोकेदुखी आणि ताप हटेना, तेव्हा मावशीने अमेरिकेहून औषधे धाडली.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात भरलेल्या सभेत अठराव्या वर्षातली ही मुलगी इंग्रजीतून बोलली. आपण अमेरिकेला का जातो, हे तिने मुद्देसूद सांगितले; हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही सांगितले. हा आवाज पढवलेल्या विद्यार्थिनीचा वाटत नाही. एप्रिलमध्ये ती घरचे कोणी सोबत नसताना बोटीत चढली. जूनमध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर कार्पेंटरबाई तिला उतरवून घ्यायला हजर होत्या.

मावशीच्या घरून ती फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेली. साडी सुटली नाही, शाकाहारही नाही. तिथून गोपाळरावांना लिहिलेल्या एका पत्रात मात्र तिने फार दिवस मनात दाबलेले बोलून टाकले. दहाव्या वर्षी फेकून मारलेली लाकडे, पुढे खुर्च्या आणि पुस्तके, चौदाव्या वर्षी सोडून जाण्याची धमकी, सगळे तिने ओळीने मांडले. त्यात तिरस्कार नव्हता. त्यांचे ऋण ती कधीच विसरली नाही. पण उपकार आणि मार या दोन्हींची नोंद एकाच खात्यात, दोन वेगळ्या रकान्यांत करण्याइतकी ती आता स्वतःच्या पायांवर उभी होती. मायेने वागवणारे दुसरे घर पाहिल्याशिवाय हे धैर्य आले असते का?

११ मार्च १८८६ रोजी तिला पदवी मिळाली. समारंभाला गोपाळराव होते, पंडिता रमाबाई होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जागाही तिची वाट पाहत होती. पण क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन ती परतली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेली. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. एकाही रुग्णाची नाडी तिला इथे पाहता आली नाही.

गोपाळरावांनी तिच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. विक्षिप्त म्हणून त्यांची ख्याती होती. पण बायकोच्या मनात त्या बाईची जागा कोणती, हे त्यांनी बरोबर ओळखले होते. मावशीने त्या अस्थी न्यूयॉर्क राज्यात, पोकिप्सीला, आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या. आमच्या कल्याणच्या मुलीचा दगड तिथे त्यांच्या घरच्या माणसांच्या रांगेत उभा आहे.