मस्तकशूळ आणि प्रार्थना : आविलाची संत तेरेजा



ज्युबिलीच्या ह्या स्मरणिकेंत आनंदाच्या व अभिमानाच्या गोष्टी पुष्कळ येतील, आणि त्या याव्यातच. परंतु ज्या मंदिरांत आपण इतकीं वर्षें एकत्र जमत आलों, तेथें मागच्या बांकावर कोणी ना कोणी कपाळ दाबून, उजेडाकडे पाठ करून बसलेलें असतें, हें आम्हीं वेदीवरून अनेकदां पाहिलें आहे. अर्धशिशी ज्याला आहे त्यालाच तिची खरी ओळख असते. पाहणाऱ्याला तींत जखम दिसत नाहीं, रक्त दिसत नाहीं. म्हणून दया थोडी व उपदेश फार असा प्रकार होतो. आम्हीही ह्या दोषांतून मुक्त नाहीं. गुरुदीक्षा होऊन थोडेच दिवस झाले असतां एका मातेनें आम्हांस विचारलें होतें कीं, डोकें उठलें म्हणजे जपमाळेचीं दहा मणीं देखील पुरीं होत नाहींत, तर आपली प्रार्थना देवाला पोहोंचते कीं नाहीं? आम्हीं तिला श्रद्धा वाढविण्यास सांगून वाटेस लाविलें. त्या उत्तराची आज आम्हांस लाज वाटते. पुढें संत तेरेजेचें चरित्र मन लावून वाचल्यावर खरें उत्तर सांपडलें. तें त्या मातेला द्यावयाचें राहून गेलें. तिच्यासारख्या सर्वांसाठीं तें येथें लिहीत आहों.

स्पेन देशांतील आविला ह्या तटबंदीच्या शहराशीं तेरेजेचें नांव कायमचें जोडलेलें आहे. तिचा जन्म २८ मार्च १५१५ रोजीं झाला. पिता डॉन आलोन्सो गंभीर वृत्तीचे व वाचनप्रिय होते. माता डोना बेआत्रिस सात्त्विक, परंतु सदा आजारी. संतांचीं चरित्रें वाचून लहानगी तेरेजा रोद्रिगो नांवाच्या भावाला बरोबर घेऊन मूर लोकांच्या मुलुखांत रक्तसाक्षी होण्यास निघाली होती. चुलत्यानें दोघांस वाटेवरून परत आणिलें. आई वारली तेव्हां ती अद्याप अल्पवयीन होती. तिनें पवित्र मरियेच्या मूर्तीपुढें रडून तिलाच आपली आई होण्याची विनंति केली. पुढें वयाच्या विसाव्या वर्षीं, बापाची संमति नसतांही, ती आविला येथील एन्कार्नासिओन नांवाच्या कार्मेल मठांत गेली.

मठांत थोड्याच काळांत तिची प्रकृति ढासळली. वारंवार घेऱ्या येत, छातींत कळा येत, केव्हां केव्हां शुद्धही हरपे. शहरांतील वैद्य थकले तेव्हां बापानें तिला बेसेदास गांवच्या एका नांवाजलेल्या वैदूबाईकडे नेण्याचें ठरविलें. उपचार वसंत ऋतूंत सुरू व्हावयाचे असल्यामुळें मधले महिने तिनें बहिणीच्या घरीं काढिले. तिकडे जातांना तिचे चुलते डॉन पेद्रो ह्यांनीं तिला ओसुना नांवाच्या फ्रान्सिस्कन संन्याशाचें आंतरिक प्रार्थनेवरील एक पुस्तक दिलें. ओठ न हालवितां, मनाच्या एकान्तांत प्रभूजवळ कसें बसावें, हें ती त्या पुस्तकावरून शिकूं लागली. पुढच्या सर्व दुखण्यांत हीच शिदोरी तिला पुरली.

वैदूबाईच्या उपचारांनीं मात्र घात केला. रेचकांवर रेचकें देऊन तिच्या अंगांत त्राण म्हणून उरूं दिलें नाहीं. १५३९ सालच्या उन्हाळ्यांत ती केवळ हाडांचा सांपळा होऊन बापाच्या घरीं परतली. ऑगस्टमध्यें, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, तिला पापनिवेदन करावयाचें होतें. परंतु पोर मरणाच्या भीतीनें असें म्हणते आहे, तिला अधिक घाबरवूं नये, असें मायेपोटीं वाटून बापानें तें होऊं दिलें नाहीं. त्याच रात्रीं तिला जबर झटका आला व सुमारें चार दिवस ती निश्चेष्ट पडली. मठांत तिच्यासाठीं थडगें उघडून ठेविलें होतें. तिच्या पापण्यांवर मेणही पडलें होतें. ती शुद्धीवर आली तेव्हां देहाचा गोळा झालेला, जीभ चावून फाटलेली, डोकें अगदीं भ्रमलेलें, आणि उजव्या हाताच्या एका बोटाखेरीज दुसरा अवयव हलत नव्हता. कोणाचा स्पर्शही सोसवत नसे. चादरीचीं टोकें दोघींनीं धरून तिला हालवावें लागे.

अशा स्थितींत तिला मठांत परत नेण्यांत आलें. सुमारें तीन वर्षें ती पंगु होती. हातापायांवर रांगतां येऊं लागलें, तेव्हांही तिनें देवाचे आभार मानिले. पृथ्वीवरील वैद्यांनीं हात टेकले हें पाहून तिनें स्वर्गांतील मध्यस्थ शोधिला, व संत योसेफास आपला धनी व पालक मानून त्याचा धांवा केला. ती चालूं लागली, आणि हें आरोग्य संत योसेफाच्या मध्यस्थीनें लाभलें असें तिनें जन्मभर सांगितलें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. बरें वाटावें म्हणून तिनें मिस्सा अर्पण करविल्या व ख्रिस्तसभेला मान्य अशा प्रार्थना केल्या. परंतु नाना विधींचे अवडंबर असलेले व खुळ्या समजुतींवर उभारलेले प्रकार तिला कधींच रुचले नाहींत. आपल्यांतील जीं कुटुंबें एका हातीं जपमाळ व दुसऱ्या हातीं गंडादोरा धरितात, त्यांनीं हें विसरूं नये.

पायांत बळ आलें तरी दुखण्यानें तिला सोडिलें नाहीं. वीस वर्षें रोज सकाळीं तिला ओकारी होई, व दुपार टळेपर्यंत अन्न घेतां येत नसे. आणि ह्याच काळांत तिच्या हातून एक चूक घडली. ती चूक तिनें स्वतःच्या चरित्रग्रंथांत उघड लिहून ठेविली आहे. तिनें आपल्या बापाला आंतरिक प्रार्थनेची गोडी लाविली होती. पुढें मठांतील भेटीगांठी व निरर्थक गप्पागोष्टी ह्यांत मन गुंतल्यामुळें तिला देवासमोर एकटें बसण्याची लाज वाटूं लागली, व वर्षाहून अधिक काळ तिनें ती प्रार्थना सोडून दिली. बापानें चौकशी केली असतां तिनें आजाराची सबब सांगितली. त्या साध्या माणसानें ती खरी मानिली व तिची कींव केली.

१५४३ सालच्या अखेरीस डॉन आलोन्सो मरणशय्येवर पडले. पाठींत असह्य कळा येत होत्या. स्वतः आजारी असतांही तेरेजेनें त्यांची सेवा केली. प्रभूनें खांद्यावर क्रूस वाहिला, त्याच्या वेदनांतील थोडा वांटा त्यानें आपणांस दिला आहे, असें समजण्यास तिनें त्यांना सुचविलें. त्यानंतर त्यांनीं कण्हण्याचा शब्दही काढिला नाहीं. बापाला जो धीर तिनें दिला, तो तिला स्वतःलाच हवा होता. बापाचे पापनिवेदन ऐकणारे दोमिनिकन गुरु विसेन्ते बार्रोन ह्यांच्यापाशीं तिनें आपलें मन मोकळें केलें, व त्यांनीं तिला पुन्हां प्रार्थनेस लाविलें. ती प्रार्थना तिनें मग कधींच सोडिली नाहीं. मागें वळून पाहतांना तिनें कबूल केलें कीं, आजाराची सबब खोटी होती. कारण ह्या प्रार्थनेला देहाचें बळ लागत नाहीं, प्रेम व संवय एवढेंच लागतें.

आमच्या मतें तिच्या चरित्राचें मर्म येथें आहे. १५५४ च्या सुमारास जखमी ख्रिस्ताच्या एका मूर्तीपुढें तिचें अंतःकरण कायमचें पालटलें. २४ ऑगस्ट १५६२ रोजीं आविला येथें संत योसेफाच्या नांवें सुधारलेल्या कार्मेलचा पहिला मठ तिनें स्थापिला. पुढें झांकलेल्या गाड्यांतून, ऊन, पूर व ताप सोशीत ती स्पेनभर हिंडली, व अशा मठांची संख्या सतरा झाली. क्रूसभक्त संत योहानाला ह्या कार्यांत तिनेंच ओढिलें. हें सारें निरोगी देहानें झालें, अशी कोणीं समजूत करून घेऊं नये.

१५७७ सालीं डोक्याच्या व्यथेनें कळस गांठला. ती बासष्ट वर्षांची होत आली होती. पत्रव्यवहाराचा भार इतका कीं रात्रीचीं जागरणें नित्याचीं झालीं होतीं. मध्यरात्रीनंतर लिहूं नये, असें वैद्यानें बजाविलें. तिनें तें मानिलें व कांहीं पत्रें दुसऱ्याच्या हातून लिहविलीं. अशाच वेळीं वरिष्ठांनीं तिला प्रार्थनेवर ग्रंथ लिहिण्यास सांगितलें. तिची अजिबात इच्छा नव्हती. तीन महिने डोक्यांत आवाज घुमत होता, कामाचीं पत्रें लिहिणेंही जड जात होतें. तथापि आज्ञा मानून २ जून १५७७ रोजीं, त्रैक्याच्या सणीं, तोलेदो येथें तिनें लेखणी उचलिली, आणि २९ नोव्हेंबरला आविला येथें ग्रंथ संपविला. हाच तो आत्म्याच्या सात दालनांचा अंतरींचा किल्ला.

ह्या ग्रंथाच्या चौथ्या दालनांत तिनें आपल्या डोक्याचें वर्णन केलें आहे. अनेक नद्या धो धो कोसळाव्या, असंख्य पाखरांनीं किलबिल करावी व शिट्या घालाव्या, असा गोंगाट तिच्या कानांत नव्हे तर मस्तकाच्या वरच्या भागीं चाले. आणि तरीही त्या गोंगाटानें आपल्या प्रार्थनेला बाध आला नाहीं, आत्मा आपल्या शांतींत व प्रेमांत निश्चल राहिला, असें ती सांगते. मात्र ती एक मर्यादाही घालते. दुखणें फारच तीव्र असेल तर गोष्ट निराळी, आणि मन भरकटलें म्हणून आपण सर्वस्व गमाविलें असें मानूं नये. किल्ल्याच्या अंगणांत कोलाहल असला तरी आंतील दालनांत राजा बसलेला असतो.

४ ऑक्टोबर १५८२ रोजीं रात्रीं अल्बा दे तोर्मेस येथें तिनें देह ठेविला. त्याच रात्रीं पंचांगांत सुधारणा होऊन दहा दिवस गळले व दुसरा दिवस १५ ऑक्टोबर झाला; म्हणून तिचा सण त्या दिवशीं येतो. १२ मार्च १६२२ रोजीं पोप पंधरावे ग्रेगरी ह्यांनीं तिला संतपद दिलें. ज्या संत फ्रान्सिस झेवियरचें शरीर जुन्या गोव्यांत आहे, तोही त्याच समारंभांत संत म्हणून घोषित झाला. २७ सप्टेंबर १९७० रोजीं पोप सहावे पॉल ह्यांनीं तिला ख्रिस्तसभेची आचार्या म्हणून गौरविलें. स्त्रियांत हा मान तिला प्रथम मिळाला. डोकेदुखीनें पीडलेले भाविक तिला आपली आश्रयदात्री मानितात, ह्यांत नवल नाहीं.

तर त्या मातेला आम्ही आज काय सांगूं? बाई, आधीं डॉक्टराकडे जा. संतानेंही वैद्याचें ऐकिलें आहे. डोकें एकाएकीं असह्य दुखूं लागलें, किंवा दुखण्याबरोबर ताप व मानेचा ताठरपणा, बोलण्यांत अडखळणें अथवा हातापायांत लुळेपणा आला, तर क्षणभरही थांबूं नको. घरच्या माणसांनीं दिवा मालवावा, आवाज कमी करावा, व आजारी माणसास आळशी म्हणूं नये. आणि जपमाळ अर्धी राहिली तर राहूं दे. ती हातांत धरून अंधारांत नुसतें प्रभूच्या सन्निध पडून राहणें हीही प्रार्थनाच आहे. बरें वाटावें असें मागण्यांत कमीपणा नाहीं. तेरेजेनें मागितलें, व तिला मिळालें. दुसऱ्या वेळीं दुखणें राहिलें, तेव्हांही देव तिच्यापासून दूर गेला नव्हता.

ह्या शब्दांत प्रार्थना करावी: हे प्रभु येशू, तुझ्या मस्तकावर कांट्यांचा मुगुट होता, म्हणून माझें दुखणें तुला ठाऊक आहे. संत तेरेजेच्या विनंतीनें मला आराम दे. वैद्याच्या हाताला यश दे. आराम येईपर्यंत माझ्याजवळ राहा, आणि मला शब्द सुचले नाहींत तर माझें मौन स्वीकार. आमेन.