शेरशहाची सडक आणि सडकेकाठची गावे

मुंबई-नागपूर हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये संपूर्ण खुला झाला. दहा जिल्ह्यांतून जाणारा हा रस्ता दोन्ही बाजूंनी बंदिस्त आहे. ठरावीक ठिकाणांखेरीज त्यावर चढता येत नाही. वेगासाठी ते आवश्यक असेलही. परंतु ज्याच्या शेतामधून रस्ता गेला त्याच्या पदरात काय पडले, हा प्रश्न त्यामुळे अधिकच टोचतो. तो प्रश्न पाचशे वर्षांपूर्वी एका राज्यकर्त्याला पडला होता.

शेरशहा सूर याचे मूळ नाव फरीद. बाप हसनखान हा बिहारमधील सासारामचा जहागीरदार. घरात सावत्र आईचे वर्चस्व. तेव्हा रुसून फरीद जौनपूरला गेला आणि तेथे फारसी विद्येत रमला. पुढे बापाने समजूत घालून त्याच्याकडे जहागिरीचा कारभार सोपविला. त्याने जमिनी मोजून घेतल्या, रयतेशी सारा ठरविला आणि मुकादमांच्या लुबाडणुकीस चाप लावला. शेतकरी उजाड झाला की सरकारही बुडते, हा धडा त्याला दरबारात नव्हे, शेताच्या बांधावर मिळाला. पुढे बादशहा झाल्यावरही, कूच करताना उभ्या पिकात शिरणाऱ्या शिपायाची तो गय करीत नसे.

१५४० साली कनौजच्या लढाईत हुमायूनाचा पाडाव करून त्याने दिल्ली घेतली. बंगालमधील सोनारगावापासून सिंधू नदीपर्यंतची सडक त्याने दुरुस्त करून जोडली. ही वाट त्यानेच प्रथम काढली, असे पाठ्यपुस्तके सुचवितात ते बरोबर नाही. मौर्यकाळापासून ती वाहती होती. आग्र्याहून जोधपूर-चितोडकडे, लाहोरहून मुलतानकडे आणि आग्र्याहून बऱ्हाणपूरकडे, म्हणजे खानदेशच्या दारापर्यंत, त्याने आणखी रस्ते नेले.

त्याचे वेगळेपण आहे ते सडकेच्या कडेला. दर दोन कोसांवर एक सराई, अशा सुमारे सतराशे सराया त्याने बांधल्या. प्रत्येकीत विहीर व मशीद, हिंदू आणि मुसलमान वाटसरूंसाठी निराळी सोय, हिंदूंना पाणी व शिधा देण्यास ब्राह्मण, जनावरांना दाणा, डाकेसाठी तयार घोडे. दुतर्फा सावलीची व फळांची झाडे लावली. सराईच्या खर्चासाठी आसपासच्या जमिनी तोडून दिल्या, त्यामुळे तिची देखभाल दिल्लीच्या खजिन्याकडे डोळे लावून बसली नाही. भोवती वस्ती झाली, बाजार भरू लागले, शेतकऱ्याच्या धान्याला दारातच गिऱ्हाईक मिळाले. आपल्याकडे महामार्गासाठी वटवृक्ष तोडले जातात आणि त्यांच्या जागी लावलेली रोपे पहिल्याच उन्हाळ्यात करपतात. अलीकडे बुलढाणा जिल्ह्यात महामार्गाच्या भरावासाठी तलाव-नाले खोल करून माती-मुरूम उचलला गेला. रस्त्याला भराव मिळाला आणि गावाला पाणी. शेरशहाला ही युक्ती निश्चित आवडली असती!

हे सारे भूतदयेपोटी झाले, असे मात्र कोणी समजू नये. सैन्य जलद हलावे, बातमी लवकर यावी, व्यापाऱ्याकडून जकात मिळावी, हे त्याचे हेतू होते. शिवाय सडकेवर चोरी झाली तर त्या हद्दीतील मुकादमाने चोर हजर करावा अथवा भरपाई द्यावी, असा दंडक होता. वाट निर्धोक झाली ती अशी. गावांना ते ओझेच वाटले असणार. तथापि त्या ओझ्याबरोबर गावांना विहीर, झाडे आणि बाजारही लाभले.

१५४५ साली कालिंजरच्या वेढ्यात, तटावर आदळून परतलेल्या एका दारूच्या गोळ्याने जवळचा दारूसाठा पेटला आणि शेरशहा त्यात भाजून मरण पावला. राज्य त्याला जेमतेम पाच वर्षे लाभले. १५५५ मध्ये हुमायूनाने दिल्ली परत घेतली. पण शेरशहाची सडक आणि सरायांची रीत मोगलांनी पुढे चालू ठेवली.