विश्लेषण : बेडरूममधील प्रयोगशाळेतून सुरू झालेला ‘एनजीएफ’चा शोध शरीराबद्दल काय सांगतो?

मज्जातंतूंच्या वाढीला लागणारे पहिले प्रथिन शोधणाऱ्या रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना कारकिर्दीच्या सुरुवातीलाच विद्यापीठातून काढण्यात आले होते. कारण एकच, त्या ज्यू होत्या.

२२ एप्रिल १९०९ रोजी इटलीतील तुरिन येथे त्यांचा जन्म झाला. वडील इंजिनीअर. मुलींनी करिअर करणे त्यांना मान्य नव्हते, तरीही रिटा हट्टाने डॉक्टर झाल्या. १९३८ मध्ये मुसोलिनी सरकारचे वंशभेदी कायदे आले आणि प्रयोगशाळेचे दार बंद झाले. मग त्यांनी बेडरूममध्येच प्रयोग मांडले. शिवणाच्या सुया घासून धारदार केल्या आणि त्यांनी कोंबडीच्या भ्रूणांची चिरफाड केली. युद्धकाळात अन्नटंचाई होती. त्यामुळे भ्रूण काढल्यावर उरलेल्या अंड्यांचे ऑम्लेट घरात खाल्ले जाई!

भ्रूणाचा अवयव कापला की तिथल्या चेतापेशी तयारच होत नाहीत, असा तेव्हाचा समज होता. रिटा यांना वेगळेच दिसले. पेशी तयार होतात, पण पोषण न मिळाल्याने मरतात. मग हे पोषण नेमके कशाचे?

उत्तर कसे सापडले?

युद्धानंतर त्या अमेरिकेत सेंट लुईसला गेल्या. १९५२ मध्ये गाठ असलेले उंदीर सोबत घेऊन त्यांनी विमानाने रिओ दी जानेरो गाठले. तिथे काचेच्या भांड्यात गाठीशेजारी ठेवलेल्या चेतापेशींना सूर्यकिरणांसारखे तंतू फुटले. पुढे स्टॅन्ली कोहेन यांनी सापाचे विष आणि उंदराच्या लाळग्रंथी यांतून हे प्रथिन वेगळे केले. दोघांना १९८६ चे नोबेल मिळाले.

परिणाम फक्त नसांवरच?

नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. ॲलर्जीत भाग घेणाऱ्या मास्ट पेशीही एनजीएफमुळे वाढतात, हे रिटा यांच्याच गटाने १९७७ मध्ये दाखवले. म्हणजे प्रतिकारशक्तीशीही त्याचे नाते आहे. एनजीएफचा संदेश स्वीकारणाऱ्या रिसेप्टरच्या जनुकात जन्मजात दोष असलेल्या मुलांना वेदना जाणवत नाही आणि घामही येत नाही. भाजले तरी कळत नाही, ताप मात्र धोकादायक पातळीवर जातो. उलट, हे प्रथिन रोखणाऱ्या औषधांनी सांधेदुखी कमी झाली, पण काही रुग्णांचे सांधेच झपाट्याने झिजले.

रिटा यांचे ३० डिसेंबर २०१२ रोजी रोममध्ये वयाच्या १०३ व्या वर्षी निधन झाले. डोळ्याच्या बुबुळावरील नसा निकामी झाल्याने होणाऱ्या जखमांसाठी एनजीएफच्या थेंबांना युरोपात २०१७ मध्ये मान्यता मिळाली.