व्हिएन्नाचा बँक कारकून आणि शेजाऱ्यांचा चषक

निशी-कसाई : २००३ च्या फेब्रुवारीत टोकियोमध्ये ‘ए-थ्री चॅम्पियन्स कप’ ही फुटबॉल स्पर्धा प्रथमच भरली. जपान, दक्षिण कोरिया आणि चीन या तीन शेजारी देशांचे आघाडीचे क्लब एकमेकांसमोर उभे राहिले आणि काशिमा अँटलर्स संघाने पहिला चषक जिंकला. निशी-कसाईत मराठी बिऱ्हाडे थाटली जाऊ लागली, तोच हा काळ. पुढे शांघाय, जेजू अशी ठिकाणे बदलत स्पर्धेच्या पाच आवृत्त्या झाल्या आणि २००७ नंतर ती बंद पडली. शेजाऱ्यांच्या विजेत्या संघांना एका मैदानावर आणणे वाटते तितके सोपे नसते. हे काम पूर्व आशियाच्या ७६ वर्षे आधी मध्य युरोपात झाले होते, आणि तेही परस्परांविषयी मनात अढी धरून बसलेल्या देशांमध्ये. ते करणारे गृहस्थ ह्युगो मायझल हे मूळचे व्हिएन्नातील एका बँकेचे नोकरदार होते.

मायझल यांचा जन्म १६ नोव्हेंबर १८८१ रोजी बोहेमियातील मालेशॉव्ह या लहानशा गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हा प्रदेश आज चेक प्रजासत्ताकात आहे. तेव्हा तो ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. मायझल लहान असतानाच कुटुंब राजधानी व्हिएन्नात आले. वडील व्यापारी होते आणि मुलानेही हिशेबाच्या वह्यांत लक्ष घालावे, अशी त्यांची इच्छा होती. मुलाचे लक्ष चेंडूकडे होते. तडजोड म्हणून बँकेतील नोकरी पत्करली गेली. तोझाई लाईनने रोज सकाळी ओतेमाचीच्या कचेऱ्यांकडे जाणाऱ्या आणि मनात दुसरेच काही घोळवणाऱ्या माणसाला ही तडजोड अपरिचित वाटणार नाही.

खेळाडू म्हणून मायझल सामान्यच होते आणि मैदानावरचा त्यांचा काळ लवकर संपला. त्यांची खरी पुंजी भाषांची होती. जर्मन आणि चेक या घरच्या भाषा. शिवाय इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी यांवरही त्यांचे प्रभुत्व होते. फुटबॉलच्या संघटनेत त्या काळी पत्रव्यवहार, करारमदार, पंचांची निमंत्रणे, रेल्वेच्या वेळा ही सारी कामे ज्याला चार भाषा येत त्याच्याकडेच जात. मायझल पंच झाले, नंतर संघटक झाले. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्यांनी फिनलंड आणि इटली यांच्यातील सामन्याचे पंच म्हणून काम पाहिले. त्याच वर्षी ऑस्ट्रियाच्या संघाला शिकवण्यासाठी जिमी होगन या इंग्रज प्रशिक्षकाला त्यांनी व्हिएन्नात आणले. इंग्लंडमध्ये तेव्हा दणकट, धावपळीच्या खेळाचा बोलबाला होता. होगन यांचा भर मात्र जमिनीलगतच्या छोट्या, अचूक पासवर आणि चेंडू ताब्यात ठेवण्यावर होता. व्हिएन्नाच्या फुटबॉलला पुढे जे वळण मिळाले त्याचे मूळ या निवडीत आहे.

मग १९१४ चे महायुद्ध आले. होगन हे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरून अटकेत पडले आणि पुढे बुडापेस्टला गेले. मायझल सैन्यात अधिकारी म्हणून लढले आणि जिवंत परतले. पण ज्या साम्राज्यासाठी ते लढले, ते परतण्याजोगे उरले नव्हते. युद्धापूर्वी व्हिएन्ना, बुडापेस्ट आणि प्राग येथील क्लब ‘चॅलेंज कप’ नावाची स्पर्धा खेळत. तेव्हा ती एकाच साम्राज्यातील शहरांची चुरस होती. १९१८ नंतर तीच तीन शहरे तीन स्वतंत्र देशांच्या राजधान्या झाली. मध्ये सीमा, जकातनाकी, वेगवेगळी चलने आली आणि जुन्या राज्यकर्त्यांविषयीचा राग उरला तो वेगळाच. ज्या प्रवासाला एकेकाळी फक्त तिकीट पुरे, त्याला आता पारपत्र लागू लागले. मायझल यांचे तर जन्मगाव एका देशात आणि घर दुसऱ्या देशात, अशी स्थिती झाली.

त्यांनी चषकाची कल्पना मांडली ती केवळ गतकाळाच्या हळहळीतून, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. कारण रोकडे होते. व्हिएन्नातील क्लब खेळाडूंना चोरून पैसे देत, हे उघड गुपित होते. मायझल यांनी हा लपंडाव संपवण्याचा आग्रह धरला आणि १९२४ मध्ये ऑस्ट्रियात उघड व्यावसायिक लीग सुरू झाली. ब्रिटनबाहेरची ती युरोपातील पहिली. पुढल्या दोन वर्षांत चेकोस्लोव्हाकिया आणि हंगेरी यांनीही तोच मार्ग धरला. आता दरमहा पगार द्यायचे, तर पैसा हवा. देश लहान, लीगमधले बहुतेक प्रतिस्पर्धी एकाच शहरातले. त्याच त्या सामन्यांना प्रेक्षक किती वेळा येणार? हौशी खेळाडूंसाठी असलेल्या ऑलिंपिकचे दार व्यावसायिकांना बंदच होते. उन्हाळ्यात मैदाने रिकामी राहत. शेजारच्या राजधानीतला बलाढ्य क्लब आला, तर ती भरणार होती.

जुलै १९२७ मध्ये व्हेनिस येथे झालेल्या बैठकीत स्पर्धेला मान्यता मिळाली आणि महिन्याभरातच, १४ ऑगस्टला, पहिले सामने झाले. मध्य युरोपसाठीच्या जर्मन शब्दावरून तिला ‘मित्रोपा चषक’ हे नाव पडले. ऑस्ट्रिया, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया आणि युगोस्लाव्हिया या चार देशांनी प्रत्येकी दोन क्लब पाठवायचे. प्रत्येक जोडीने एक सामना घरच्या मैदानावर आणि एक प्रतिपक्षाच्या मैदानावर खेळायचा. दोन्हींच्या गोलांची बेरीज करून विजेता ठरवायचा. आज चॅम्पियन्स लीग पाहणाऱ्याला हे नियम इतके अंगवळणी पडले आहेत की त्यांमागचा हिशेब लक्षातही येत नाही. दोन्ही क्लबांच्या गल्ल्यात घरच्या सामन्याची तिकीटविक्री पडे आणि अन्याय झाल्याची तक्रार दोघांनाही सारखीच करता येई. मायझल यांचा बँकेतला अनुभव वाया गेला नव्हता.

पहिल्या अंतिम फेरीत प्रागच्या स्पार्टाने व्हिएन्नाच्या रॅपिडला घरच्या मैदानावर ६-२ असे हरवले. व्हिएन्नातील परतीच्या सामन्यात रॅपिडने २-१ असा विजय मिळवला खरा, पण चषक स्पार्टाचा होता आणि हे पचवणे स्थानिक प्रेक्षकांना जड गेले. सामन्याला दंगलीचे स्वरूप आले. पुढेही असे प्रसंग येत राहिले. १९२९ पासून युगोस्लाव्हियाच्या जागी इटलीचे क्लब आले आणि चुरस वाढली. १९३२ च्या उपांत्य फेरीत तुरिन येथे प्रेक्षकांतून आलेला दगड स्लाव्हिया प्रागचा गोलरक्षक प्लानिच्का याला लागला आणि त्याच्या संघाने मैदान सोडले. आयोजकांनी स्लाव्हिया आणि युव्हेंटस या दोघांनाही बाद केले, आणि बोलोन्याला अंतिम सामना न खेळताच चषक मिळाला. खेळाने शेजाऱ्यांत स्नेह वाढतो, हे वाक्य भाषणात शोभते. मित्रोपाच्या इतिहासात त्याला फारसा आधार सापडत नाही. सापडते ते एवढेच, की भांडण झाल्यावरही पुढच्या उन्हाळ्यात हे क्लब पुन्हा आगगाडीत बसले. एकाच टेबलाभोवती चार देशांच्या प्रतिनिधींना आणून, प्रत्येकाशी शक्यतो त्याच्याच भाषेत बोलून हे साधणाऱ्या माणसाची कामगिरी त्या दगडांवरूनच मोजली पाहिजे.

सर्वसाधारण वाचकाला मायझल आठवतात ते या चषकासाठी नव्हे, तर ऑस्ट्रियाच्या ‘वुंडरटीम’साठी, म्हणजे अद्‌भुत संघासाठी. राष्ट्रीय संघाची निवड १९१९ पासून अखेरपर्यंत त्यांच्याच हाती होती. स्वभाव हट्टी. मथियास सिंडेलार हा कृश अंगाचा, चेंडूशी लीलया खेळणारा आघाडीवीर त्यांनी बराच काळ संघाबाहेर ठेवला. रिंग कॅफेत बसणाऱ्या पत्रकारांनी त्यावरून त्यांना भंडावले, तेव्हा संतापून त्यांनी संघाच्या नावांचा कागदच त्यांच्यापुढे टाकला, अशी आख्यायिका आहे. त्यात सिंडेलारचे नाव होते. १६ मे १९३१ रोजी या संघाने स्कॉटलंडचा ५-० असा फडशा पाडला. आठवड्याभरात बर्लिनमध्ये जर्मनीचा ६-० असा. डिसेंबर १९३२ मध्ये लंडनला इंग्लंडने ४-३ असे हरवले, तरी इंग्रजांना आपल्या खेळाविषयी विचार करायला लावणारा तो पराभव होता. १९३४ च्या विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत मिलानच्या चिखलात इटलीने एका गोलने वाट रोखली. इटलीचे प्रशिक्षक व्हित्तोरिओ पोझो हे मायझल यांचे जुने स्नेही.

सिंडेलारचा क्लब ऑस्ट्रिया व्हिएन्ना याने १९३३ मध्ये मित्रोपा चषक जिंकला. मिलानच्या अँब्रोझियानाविरुद्धच्या परतीच्या सामन्यात तिन्ही गोल एकट्या सिंडेलारचे होते.

या साऱ्या काळात मायझल यांचे बिऱ्हाड कार्ल मार्क्स होफ या कामगारांसाठी बांधलेल्या अवाढव्य नगरपालिका वसाहतीत होते. फेब्रुवारी १९३४ च्या यादवीत सरकारी तोफांनी याच इमारतीवर मारा केला. त्याच उन्हाळ्यात मित्रोपाचे सामनेही झाले. गोल टोपी, हातात काठी अशा पेहरावातले हे गृहस्थ राजवटी बदलल्या तरी काम करीत राहिले. त्याला धीर म्हणावे की राजकारणाकडे केलेली डोळेझाक, याचा निवाडा सोपा नाही.

६ मे १९३६ रोजी व्हिएन्नात ऑस्ट्रियाने इंग्लंडला २-१ असे हरवले. १७ फेब्रुवारी १९३७ रोजी मायझल यांना कचेरीतच हृदयविकाराचा झटका आला आणि त्यात त्यांचे निधन झाले. वय ५५. पुढची पडझड त्यांना पाहावी लागली नाही. त्याच जुलैमध्ये व्हिएन्नाची आद्मिरा आणि जिनोआ यांच्यातील पहिला सामना हाणामारीत संपला. इटलीच्या सरकारने परतीच्या सामन्याला बंदी घातली आणि दोन्ही क्लब बाद झाले. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. व्यावसायिक फुटबॉल रद्द झाले आणि मित्रोपाच्या जन्मभूमीचेच क्लब स्पर्धेतून नाहीसे झाले. सिंडेलार जानेवारी १९३९ मध्ये वारला. धाकटा भाऊ विली मायझल, नाणावलेला क्रीडापत्रकार, त्याआधीच लंडनला निघून गेला होता. १९४० चा अंतिम सामना युद्धामुळे झालाच नाही.

युद्धानंतर चषक पुन्हा सुरू झाला, पण १९५५ मध्ये साऱ्या युरोपच्या विजेत्यांची स्पर्धा उभी राहिली आणि मित्रोपाचे महत्त्व ओसरले. १९८० पासून तर तो दुय्यम श्रेणीतील विजेत्यांचा चषक उरला. शेवटची स्पर्धा १९९२ च्या मे महिन्यात इटलीतील फोज्जा येथे झाली. ती बोराक बान्या लुका या क्लबने जिंकली. तो युगोस्लाव्हियाच्या लीगमधला क्लब होता, आणि त्याचे खेळाडू चषक उंचावत असताना तो देश तुटत होता. त्यांच्या शहराभोवतीच्या बोस्नियात युद्ध पेटून महिनाही उलटून गेला होता.