भगतसिंग थिंद

पंजाबातील अमृतसर जिल्ह्यात १८९२ साली भगतसिंग थिंद यांचा जन्म झाला. उच्च शिक्षणाच्या ओढीने ते १९१३ साली अमेरिकेस गेले. शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी त्यांनी ऑरेगन राज्यातील लाकडाच्या गिरण्यांत मजुरी पत्करली. त्या प्रदेशात हिंदी मजुरांविषयी तीव्र द्वेष होता. १९०७ साली शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम गावातून जमावाने अशाच मजुरांना मारहाण करून हाकलून लावले होते.

पहिले महायुद्ध चालू असताना, १९१८ साली, थिंद अमेरिकेच्या सैन्यात दाखल झाले. अंगावर गणवेश चढला. परंतु डोक्यावरील पगडी त्यांनी उतरविली नाही. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले आणि चारच दिवसांत ते काढून घेण्यात आले. ते गोरे नाहीत, एवढेच कारण! १९२० साली ऑरेगनमधील न्यायालयाने ते त्यांना पुन्हा दिले. तेव्हा सरकारने वरच्या न्यायालयात दाद मागितली.

त्या काळच्या कायद्याप्रमाणे बाहेरून आलेल्यांपैकी गोऱ्या व आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच नागरिक होता येई. म्हणून थिंद यांच्या बाजूने असा दावा मांडण्यात आला, की ते उच्चवर्णीय, आर्यवंशीय असल्यामुळे त्यांची गणना गोऱ्यांतच व्हावी. या दाव्यात एक मोठी उणीव होती. माणसांना वर्णावरून तोलणारा तराजूच खोटा आहे, असे त्यात म्हटलेले नव्हते. त्याच तराजूत आपले पारडे जड ठरावे, एवढीच मागणी होती. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो दावा एकमताने फेटाळला. सामान्य लोक ज्याला गोरा समजतात तोच गोरा, असा त्या निकालाचा आशय होता. त्यामुळे इतर अनेक हिंदी लोकांचेही नागरिकत्व हिरावले गेले. कॅलिफोर्नियात तर अशा लोकांना शेतजमीन विकत घेण्यासही मनाई होती.

थिंद यांनी मात्र अमेरिका सोडली नाही. शीख गुरूंची शिकवण आणि भारतीय तत्त्वज्ञान यांवर ते ठिकठिकाणी व्याख्याने देत राहिले. पुढे १९३५ साली पहिल्या महायुद्धातील सैनिकांसाठी नवा कायदा झाला. त्याच्या आधारे १९३६ साली ते तिसऱ्यांदा नागरिक झाले. इतर हिंदी लोकांना तो हक्क मिळण्यास १९४६ साल उजाडले.

१९६७ साली थिंद यांचे निधन झाले. त्यांचे जे नागरिकत्व अखेरपर्यंत टिकले, ते वर्णाच्या दाव्याने नव्हे, तर पगडी बांधून केलेल्या सेवेने मिळालेले होते.