तेजसच्या इंजिनाशेजारी ती फट का सोडलीये? उत्तर सापडतं एका कारखान्यातल्या पाइपात

तेजस विमानाचा फोटो झूम करून बघा. इंजिनासाठी हवा आत घेणारं तोंड विमानाच्या अंगाला चिकटलेलं नसतं, मध्ये बारीकशी फट असते. ती का, हे कळायला लुडविग प्रांटल यांची गोष्ट माहीत पाहिजे.

जन्म ४ फेब्रुवारी १८७५, बव्हेरियातल्या फ्रायझिंगचा. आई कायम आजारी, त्यामुळे लहानगा लुडविग वडिलांच्या मागंमागं असायचा. वडील शेतीच्या यंत्रांचे प्राध्यापक. म्युनिकला शिकून प्रांटल न्युरेम्बर्गच्या यंत्र कारखान्यात लागले. काम काय, तर मशीनचा भुगा हवेनं ओढून नेणारी यंत्रणा सुधारायची. ती सुधारली, पण पुढं रुंद होत जाणाऱ्या पाइपात दाब हवा तेवढा वाढेना. भिंतीला धरून जाणारी हवा मध्येच सुटत होती. काम झालं होतं, कोणी विचारणार नव्हतं. प्रांटल यांच्या डोक्यातून मात्र ते जाईना.

१९०४, हायडेलबर्ग. गणितज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद. २९ वर्षांच्या प्रांटल यांना बोलायला मिळाली १० मिनिटं. त्यांनी सांगितलं, पृष्ठभागाला टेकलेली हवा जागीच थांबते. तिच्यावरच्या पातळ थरात वेग शून्यापासून वाढत जातो. पुढं दाब वाढला की हा दमलेला थर सुटतो आणि भोवरे होतात. उपायही दाखवला: हा थर फटीतून शोषून घ्या, प्रवाह चिकटून राहतो. त्याच वर्षी ते ग्योटिंगेन विद्यापीठात गेले आणि आयुष्यभर तिथंच रमले.

२७ ऑगस्ट १९३९ ला पहिलं जेट विमान उडालं. त्याचं इंजिन बनवणारे हान्स फॉन ओहाइन ग्योटिंगेनचेच विद्यार्थी. जेट इंजिनाला सगळीकडून सारखी हवा लागते. विमानाच्या अंगावरचा मंद थर आत शिरला तर कॉम्प्रेसरची पाती अडखळतात, इंजिन बंदही पडू शकतं. म्हणून ती फट! मंद हवा तिच्यातून बाहेर, ताजी हवा आत. आपल्या नाशिकजवळच्या ओझरलाही आता तेजस बनतं, तिथंही हाच हिशोब.

प्रांटल यांच्या नावावर एक डागही आहे. नाझी काळात त्यांची संस्था लष्करासाठी राबली. हायझेनबर्ग यांच्यासाठी त्यांनी थेट हिमलरला पत्र लिहिलं हे खरं, पण परदेशातल्या शास्त्रज्ञमित्राला पत्रं लिहून हिटलरच्या राजवटीची बाजूही मांडली. नोबेल कधी मिळालं नाही. १५ ऑगस्ट १९५३ ला ग्योटिंगेनमध्येच त्यांचं निधन झालं.